फिकट गुलाबी

१

धाकटीचं घोडं अडायचं ते रंगांपाशी. समीकरणं तिला झोपेतून उठवून विचारली तरी यायची, मोलॅरिटीची गणितं ती बोलता बोलता सोडवायची, पण कशात काय टाकलं की कुठला रंग येतो, हे काही केल्या डोक्यात राहायचं नाही. मागच्या वर्षी बारावीच्या प्रॅक्टिकलला परीक्षकांनी अगदी साधा प्रश्न विचारला होता. कॉपरच्या द्रावणात भरपूर अमोनिया घातला तर काय दिसतं? हिच्या तोंडून निघालं, "पिवळं." शेजारच्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसली. परीक्षक हसले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं.

प्रॅक्टिकल गेलं, त्याच्यापाठोपाठ फार्मसीची जागा गेली आणि वर्षही गेलं. घराच्या खालीच बाबांची लाँड्री होती. दिवसभर खालून वाफेच्या प्रेसचा फुस्स असा आवाज यायचा आणि जिन्यात ओल्या गरम कापडाचा वास भरून असायचा.

"यंदा बस पुन्हा," बाबा म्हणाले. "नाहीच जमलं तर काउंटरला ये. मला माणूस हवाच आहे."

ते चिडून म्हणाले असते तर ती भांडली असती, रडली असती. पण हातातल्या शर्टाची घडी न मोडता ते शांतपणे म्हणाले, म्हणजे त्यांनी ठरवून टाकलं होतं. धाकटीला काउंटर कमीपणाचा वाटायचा असं नाही. पण जन्मभर लोकांच्या कॉलरला चिठ्ठ्या टाचत बसायचं, हा विचार तिला सोसवायचा नाही. पांढरा कोट घालून औषधांत वावरायचं, हे तिनं शाळेत असल्यापासून मनात धरलं होतं.

म्हणून शिकवणी लावली. शिकवणीचे सर टकले, बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग, आणि बोलणं असं की पोरांनी वही मिटून ऐकावं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "रंग पाठ करायचे नसतात. रंग घरात ठेवायचे असतात. एकेक रंग घरातल्या एकेका वस्तूला चिकटवून टाका. परीक्षेत ततपप झालं की डोळे मिटायचे आणि घरातून एक चक्कर मारून यायची. वस्तू कुठं पळून जात नाहीत."

२

घरी आल्या आल्या ती वस्तू शोधत फिरली. बाहेरच्या खोलीतला पडदा निळाशार होता, तो कॉपर आणि अमोनियाला दिला. पिठाच्या डब्याचं झाकण पिवळं धमक, ते लेड आयोडाइडला. गॅलरीतली मातीची कुंडी विटकरी, म्हणजे कॅल्शियमची ज्योत. मग प्रत्येकीसमोर बसायचं, टक लावून बघायचं, डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे.

"काय गं, पडद्याला दृष्ट लावतेस का?" आई म्हणाली.

"अभ्यास करतेय."

"आमच्या वेळी पुस्तक लागायचं अभ्यासाला," असं म्हणून आई ओट्याकडे वळली.

एका दुपारी पडद्याचा निळा बसला. त्याला दुसरा शब्द नाही. डोळे मिटल्यावर आजवर निळा म्हणून काहीतरी धूसर यायचं, त्या दुपारी अख्खा पडदा आला. विणीतला धागा न् धागा दिसत होता. खऱ्या पडद्यापेक्षाही तो जास्त निळा होता, आणि खोलीची खिडकी बंद असताना तो तिच्या डोळ्यांआड हळूहळू हलत होता. धाकटीला इतका आनंद झाला की तिनं उठून आईला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. "हा कुणी ब्लीचमध्ये बुडवला?"

पडदा पांढरा पडला होता. मळकट नाही, डागाळलेला नाही, नुसता पांढरा. बाबांना वर बोलावलं. त्यांनी पडद्याची खालची शिवण नखानं उसवली आणि आत बघितलं. "उन्हानं रंग उडाला तर शिवणीच्या आत थोडा शिल्लक राहतो," ते म्हणाले. आतही पांढरंच होतं. त्यांनी कापड नाकाशी नेलं. वास कसलाच नव्हता. बराच वेळ ते बोटांत चोळत राहिले, मग "हलका माल," असं म्हणून खाली निघून गेले.

धाकटीनंही तेच धरलं. हलका माल. कापडाचं ज्यांना कळतं त्यांनीच सांगितलं म्हटल्यावर आपण कशाला डोकं चालवायचं?

३

आठवड्याभरात पिठाच्या डब्याचं झाकण गेलं. आईनं ते गरम पाण्यानं धुतलं होतं, त्यामुळे दोष पाण्यावर गेला. तिकडे शिकवणीत धाकटीचे रंग एकेक करून पक्के होत चालले होते. सरांनी तिला वर्गासमोर उभं करून उलटसुलट प्रश्न विचारले आणि तिनं डोळे मिटून सगळ्यांची उत्तरं दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शिकवणीच्या प्रयोगशाळेतली तिची जोडीदारीण रोज दुपारी घरी यायला लागली. वर्गात तिला सगळे बडबडी म्हणत, आणि ते नाव तिनं कमावलेलं होतं. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं, असा त्यांचा अभ्यास चालायचा. एक दिवस गाडी टायट्रेशनवर आली. ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये गरम केलेलं ऑक्झॅलिक आम्ल. थेंब थेंब सोडत जायचं आणि रंग बदलला की थांबायचं.

"कुठल्या रंगाला थांबायचं?" बडबडीनं विचारलं.

"फिकट गुलाबी."

"पण किती फिकट? मी दर वेळी पुढे जाते बाई. एक थेंब जास्त पडला की झालं सरबत!"

ताईची मुलगी जवळच चटईवर पडून छताकडे बघत हातपाय झाडत होती. भावोजींची नोकरी लांबची, म्हणून ताई बाळाला घेऊन इथेच राहत होती. घरात पाच महिन्यांच्या त्या पोरीला सगळे पिटुकली म्हणायचे. अजून जमिनीला टेकलेले नव्हते तिचे पाय. धाकटीनं तिचा एक पाय हातात धरला आणि टाच बडबडीसमोर केली.

"इतका."

बडबडी बघतच राहिली. "अय्या, हो गं! अगदी हाच!" तिनं टाचेचा मुका घेतला. पिटुकली खुदकन हसली. मग दोघी टाचेकडे बघायच्या, डोळे मिटायच्या, पुन्हा बघायच्या. खेळच झाला तो. ताई दारातून म्हणाली, "तुमचा अभ्यास होऊ दे, पण माझ्या पोरीला फोड येईल हं बघून बघून."

त्या संध्याकाळपर्यंत धाकटीला तो गुलाबी बसला. बाकीचे रंग नुसते दिसायचे. हा दिसला तेव्हा तिच्या तळहाताला ऊबही लागली.

४

झाडाला पाणी घालायला ती गॅलरीत गेली आणि तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. कुंडी खडूसारखी पांढरी होती.

कापडाचा रंग जातो, प्लॅस्टिकचा जातो. भाजलेल्या मातीचा रंग जात नाही, हे कळायला केमिस्ट्री लागत नाही. पण माणसाचं डोकं वकिलासारखं असतं, हरायची वेळ आली की नवा मुद्दा काढतं. कुंडीतून पाणी पाझरतं, त्याच्याबरोबर क्षार बाहेर येतात, ते वाळून पांढरा थर बसतो. पुस्तकात आहे हे. तिनं नखानं थर खरवडला. खाली पांढरंच होतं. तिनं काठाचा एक कपचा मोडून काढला. आतून, अगदी गाभ्यापर्यंत, पांढरं होतं. रोप मात्र हिरवंगार डोलत होतं.

आतून हसण्याचे आवाज आले. शेजारच्या मावशी पिटुकलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अगंबाई, काय उजळली गं ही!" मावशी म्हणत होत्या. "आली तेव्हा कशी तांबडीलाल होती. आता बघ, लोण्याचा गोळा!"

ताई लाजून हसली. "तिकडच्यांवर जाईल वाटलं होतं मला. पण निघाली गोरी."

"दूध मानवलं तुझं."

आईचा चेहराही फुलला होता. धाकटी पुढे झाली आणि पिटुकलीच्या पायातला मोजा ओढून काढला. टाच मेणबत्तीच्या रंगाची होती. तिनं अंगठ्यानं हलकेच दाबून सोडली. दाबलं की पांढरं पडतं आणि सोडलं की गुलाबी परत येतं, असं कुणाच्याही अंगाचं होतं. इथं काही परत आलं नाही. दाबण्याआधी जशी होती तशीच ती दाबल्यावर होती.

"गार लागेल तिला, मोजा घाल," ताई म्हणाली.

धाकटीच्या हाताला खरंच गार लागलं. पण बाळाच्या पायाला हवा लागली की तो गार पडतोच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

५

मनात आलेलं खोटं ठरवायचं तर प्रयोग करावा, हे शास्त्र तिला येत होतं. तिनं स्वतःची हिरवी रबरी चप्पल घेतली. बेरियमची ज्योत, पोपटी हिरवी. मनापासून बघितली, डोळे मिटले, आणि ती बसू दिली. एवढं करून तिनं दोन्ही चपला खोक्यात घालून खोकं चिकटपट्टीनं बंद केलं, म्हणजे ऊन नाही, पाणी नाही, कुणाचा हात नाही. सकाळी खोकं उघडलं आणि ती जमिनीवर बसूनच राहिली. दोन्ही चपला पांढऱ्या होत्या. खाली प्रेस फुसफुसत होता, कुणीतरी पँटच्या डागावरून बाबांशी हुज्जत घालत होतं, आणि सगळं जग नेहमीसारखं चालू होतं याचाच तिला राग आला.

ती ताईकडे गेली. "ताई, मी पिटुकलीचा रंग पाठ केलाय."

"काय केलंयस?"

"तिची टाच. टायट्रेशनसाठी. आणि मी आठवलं की तो जातो. पडद्यासारखा."

ताई आधी हसली. मग धाकटीचा चेहरा बघून थांबली, आणि मग चिडली. "डोकं फिरलंय तुझं अभ्यासानं. माझ्या लेकरावरून असलं काही बोलू नकोस. झोप जा."

तरी धाकटीनं हट्ट धरला म्हणून आई पिटुकलीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून बघितली, नख दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. "रक्त थोडं कमी वाटतंय," त्या म्हणाल्या. "हे थेंब द्या. रडते का नीट?"

तेव्हा कुठे घरातल्यांच्या लक्षात आलं की ती बरेच दिवस फारशी रडलेली नाही. "शहाणी आहे," आई म्हणाली, पण आवाजात आधीचं कौतुक नव्हतं.

आता विसरणं हाच अभ्यास झाला. तिनं तो गुलाबी खोडरबराला चिकटवून बघितला, साबणाला चिकटवून बघितला. डोळे मिटले की खोडरबर यायचं, आणि त्याच्यामागून ती टाच. दर खेपेला जास्त ताजी, जास्त गुबगुबीत, जास्त ऊबदार. एकदा तर ती डोळ्यांआड हलली. पिटुकली चटईवर जशी पाय झाडायची, तशी. हल्ली खरी पिटुकली पाय झाडत नव्हती.

मग तिनं केमिस्ट्रीचं पुस्तक माळ्यावर टाकलं. खाली जाऊन दिवसभर प्रेसजवळ उभी राहिली, वाफेचे आवाज मोजत, लोकांच्या कोटांची बटणं मोजत. गुलाबी शर्ट आला की तोंड फिरवायची. बाबांना वाटलं, पोरीनं हाय खाल्ली. त्यांनी तिच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. दोन-तीन दिवस असे गेले आणि एका सकाळी ताई म्हणाली, "आज जरा तरतरीत दिसतेय गं. ओठ बघ." धाकटीनं बघितलं. ओठांवर पुसट लाली आली होती. पडद्याला रंग परत येत नाही, कुंडीला येत नाही. पण जिवंत माणूस आतून नवा रंग करत असणार. आपण हात आखडता घेतला तर तिचं ती भरून काढेल.

धाकटी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून पोटभर रडली. परीक्षा तोंडावर आली होती, आणि काय करायचं ते तिला आता स्वच्छ कळलं होतं.

६

प्रयोगशाळेच्या मोठ्या खिडक्यांतून सकाळचं ऊन टेबलांवर पडलं होतं. फोन बाहेर जमा करून घेतले होते. लांबलचक टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर एक ब्युरेट, त्यात जांभळं परमँगनेट, बाजूला बर्नर. बॅच सगळी शिकवणीतल्या पोरांचीच होती, आणि सगळ्यांना टायट्रेशनच होतं.

धाकटीनं आम्ल गरम केलं, फडक्यात धरून फ्लास्क ब्युरेटखाली ठेवला, आणि तोटी सरळ पूर्ण उघडली. जांभळी धार भसाभस खाली आली. फ्लास्क काळपट जांभळा झाला. तिनं डोळे टक्क उघडे ठेवले होते आणि मनात बाबांच्या दुकानातल्या हँगरांच्या रांगेशिवाय काही येऊ दिलं नव्हतं.

परीक्षक बाई जवळ आल्या. "अगं, घाबरलीस का? ओतून टाक ते. दुसरं घे, वेळ आहे अजून."

"नको बाई. मला येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"रंग ओळखता येत नाही मला."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पुढे गेल्या. झालं. एवढंच होतं. फार्मसी गेली, पांढरा कोट गेला, उद्यापासून काउंटर. धाकटी स्टुलावर बसली आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या जिवात जीव आला. घरी गेल्यावर पिटुकलीला उचलून घ्यायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं.

"ए, झालं तुझं?" पलीकडच्या टेबलावरून बडबडी कुजबुजली. "माझं होत आलंय. थांब हं." तिनं एका हातानं तोटी धरली, दुसऱ्यानं फ्लास्क, आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. एक थेंब पडला. तिनं डोळे उघडून फ्लास्ककडे बघितलं. "आला! शप्पत सांगते, तुझी पिटुकली म्हणजे कमाल आहे. डोळे मिटले की पायच झाडते ती."

धाकटी तिच्याकडे वळली. "तू... तू तुझ्या घरातलं काही घेतलं नाहीस?"

"आमच्या घरात एवढं गोड गुलाबी काय असणार? मी तर सगळ्यांना हेच सांगितलं. तुझ्या ताईकडून पायाचा फोटो मागून घेतला आणि काल शिकवणीच्या ग्रुपवर टाकला. सर म्हणाले, याहून चांगलं उदाहरण त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नाही."

धाकटीनं मान वर केली. पुढच्या टेबलावरचा उंच मुलगा डोळे मिटून उभा होता. त्याच्या पलीकडे दोन मुली, डोळे मिटून. खिडकीपाशी, बेसिनपाशी, फळ्याखाली, रांगेनं सगळे, एक हात तोटीवर आणि एक हात गरम फ्लास्कवर, आणि एकेकाच्या ओठांवर तेच हसू उमटत होतं. बाळाकडे बघून येतं तसं. नुसता थेंबांचा आवाज येत होता.

"डोळे उघडा!" धाकटी ओरडली. स्टूल मागे पडलं. "उघडा डोळे! तिला सोडा!"

सगळ्यांनी दचकून डोळे उघडले.

"काय चाललंय हे?" परीक्षक बाई तरातरा आल्या. "स्वतःचं बिघडलं म्हणून दुसऱ्यांचं बिघडवायचं का? बस खाली."

"मला घरी जाऊ द्या बाई. आत्ताच्या आत्ता."

"वेळ संपेपर्यंत कुणालाही बाहेर सोडता येत नाही."

पोरं पुन्हा आपापल्या फ्लास्ककडे वळली होती. प्रत्येक फ्लास्कमध्ये तो गुलाबी आला होता, एकाच्याही हातून थेंब जास्त पडला नव्हता. पण नुसता येऊन भागत नाही. फ्लास्क हलवला की तो पुष्कळदा विरून जातो, आणि विरला तर तो एंड पॉइंट धरत नाहीत. हलवूनही टिकला तरच खरा. सगळ्यांनी एकदमच फ्लास्क हलवायला घेतले, सावकाश, गोल गोल. धाकटी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली आणि मनातल्या मनात विनवू लागली, जा, परत जा, घरी जा. तिनं पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत एकेक फ्लास्क बघितला. सगळ्यांत रंग टिकला होता.